एकाच रस्त्याचे दोन हिशेब



जावाजावांचं भांडण कशावरून व्हावं याला काही नेम नसतो. आमच्याकडे ते पाण्याच्या मोटारीवरून झालं आहे, लोणच्याच्या बरणीवरून झालं आहे, एकदा तर उंबऱ्यात काढून ठेवलेल्या चपलांवरूनही झालं. पण कॅलरीवरून होईल असं काही मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं!

झालं असं, की गेल्या वर्षी गुढीपाडव्यानंतर मी आणि माझी धाकटी जाऊ पहाटे फिरायला जाऊ लागलो. आमच्या कोल्हारात बायकांनी ‘नुसतं फिरायला’ जायचं म्हणजे अजूनही चार लोक वळून बघतात. भगवतीमातेच्या देवळात चाललोय म्हटलं की कोणी हूं का चूं करत नाही. म्हणून आम्ही आधी देवळाकडे जायचो, बाहेरूनच हात जोडायचो आणि मग चारीच्या कडेच्या रस्त्याने चालत सुटायचो. एकूण तासभर, पावणेपाच किलोमीटर. नगर-मनमाड रस्त्याकडे मात्र फिरकायचं नाही असं पहिल्याच दिवशी ठरलं. त्या रस्त्याला पहाटेसुद्धा गाड्यांची वर्दळ असते, तिथे बोलत बोलत चालणं कसलं होणार!

उंचीला आम्ही दोघी सारख्या, पाच फूट एक इंच. वजनाला मात्र जमीन-अस्मानाचं अंतर. मी ५४ किलो, ती ८२. दोन बाळंतपणांनंतर तिचं वजन जे चढलं ते उतरलंच नाही. मी आपली लग्नात होते तशीच, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा तोराही होता.

तिच्या मुलाने आमच्या दोघींच्या फोनवर चालण्याचा हिशेब ठेवणारं अ‍ॅप घालून दिलं. वय, उंची, वजन विचारलं, ते भरलं. आठवडाभराने दोघी ओट्यावर बसून फोन बघतोय, तर माझ्या फोनवर १७८ कॅलरी आणि तिच्या फोनवर २७०! रस्ता तोच, वेळ तोच. वर मी पुढे आणि ती धापा टाकत मागे, दर चार विजेच्या खांबांना “ताई, थांबा ना जरा” म्हणणारी. मी म्हटलं, “तुझा फोन बिघडलाय.” ती म्हणाली, “बिघडला कशाला? तुम्ही नुसत्या हवेवर चालता. काम माझंच जास्त होतंय.” झालं, तिथून शब्दाला शब्द वाढला. त्या दिवशीचा चहा दोघींनी वेगवेगळा केला, म्हणजे बघा.

मी बी.ए. मराठीची. गणिताशी माझं शाळेपासून वाकडं. पण मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवते तिथले विज्ञानाचे सर फार समजावून सांगणारे आहेत. मधल्या सुट्टीत त्यांना विचारलं. ते खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाले, “बाई, तो उसाचा ट्रॅक्टर बघा. दोन ट्रॉल्या भरून कारखान्याकडे जाताना किती डिझेल पितो, आणि रिकामा परत येताना किती?” 

आता आपण उसाच्या पट्ट्यातल्या बायका. शेजारी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी १९५० साली सहकारी साखर कारखाना चालू केला तेव्हापासून या रस्त्यांनी ऊसच बघितला आहे. मला आणखी काही सांगावं लागलं नाही. भरलेला ट्रॅक्टर माझी जाऊ, आणि रिकामा मी. फोन खरं बोलत होता.

आता जरा नीट समजून घेऊ या. कॅलरी म्हणजे उष्णता मोजायचं माप. एक ग्रॅम पाण्याचं तापमान एक अंशाने वाढवायला जी उष्णता लागते ती एक कॅलरी. आपण खाण्याच्या बाबतीत जी कॅलरी म्हणतो ती खरं तर अशा हजार कॅलरींची, म्हणजे किलोकॅलरी असते. पण बोलताना सगळे ‘कॅलरी’च म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे. शरीर स्वस्थ बसलेलं असतानाही श्वास, हृदय, मेंदू यांचं काम चालूच असतं. त्याला ताशी दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी लागते. आणि सपाट रस्त्यावर आमच्यासारखं बऱ्यापैकी चाललं, की याच्या साधारण ३.३ पट. असे आकडे निरनिराळ्या कामांसाठी शास्त्रज्ञांनी मोजून ठेवले आहेत, त्यांची मोठी यादी अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यात पुढे भर पडत गेली. आपल्या फोनमधले हिशेब बहुधा अशाच आकड्यांवर चालतात.

म्हणजे तासाभराच्या चालण्याला तुमचं वजन गुणिले ३.३. ज्या भगिनीचं वजन ४५ किलो, तिच्या सुमारे १५० कॅलरी खर्च होतील. ६० किलोवालीच्या २००, ७५ किलोवालीच्या २५०, आणि ९० किलोवालीच्या जवळजवळ ३००. हे ठोकताळे आहेत, सोनाराचा काटा नव्हे. कोणाची चाल जलद, कोणाची सावकाश, रस्ता चढाचा की उताराचा, यावर थोडं इकडेतिकडे होणारच. पण वजन वाढलं की खर्च त्याच प्रमाणात वाढतो, हे नक्की.

पटत नसेल तर एक दिवस दहा किलो गव्हाची पिशवी घेऊन गिरणीपर्यंत चालत जा आणि मोकळ्या हातांनी परत या. जाताना आणि येताना दम कसा लागतो ते बघा. लठ्ठ बाई अशी पिशवी दिवसरात्र अंगावर वागवत असते. आपण तिला ‘आळशी’ म्हणतो! मी माझ्या जावेला मागे वळून वळून “चल लवकर” म्हणत होते, तेव्हा ती माझ्यापेक्षा २८ किलो जास्त उचलून चालत होती. हे सरांनी सांगितलं त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. संध्याकाळी तिच्याकडे चहाला गेले, ते काय ते भांडण मिटलं.

जाता जाता एक गंमत सांगते. डोक्यावरून ओझं वाहण्याची सवय असलेल्या केनियातल्या बायकांचा एक अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला होता. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंतचं ओझं डोक्यावर असलं तरी त्यांचा खर्च वाढत नव्हता, असं त्यात दिसलं. शास्त्रज्ञही चकित झाले. चालण्याच्या विशिष्ट लकबीमुळे हे साधत असावं, असं म्हणतात. पुढे दुसरीकडच्या बायकांची अशीच मोजणी झाली तेव्हा सगळ्यांनाच ते साधतं असं काही आढळलं नाही. आमच्या सासूबाईंना मी हे वाचून दाखवलं. त्या नदीवरून हंडे आणलेल्या. म्हणाल्या, “मोजायला आमच्याकडं कुणी आलं नाही. आमची मान मोडून यायची.”

हा वजनाचा नियम सगळ्या व्यायामांना सारखाच लागू होतो असं नाही बरं का. जिथे आपलं अंग आपल्यालाच पेलायचं असतं, म्हणजे चालणं, पळणं, जिना चढणं, तिथे वजनाचा फरक पुरेपूर पडतो. सपाट रस्त्यावर सायकल चालवताना आपला भार सीट सोसते, त्यामुळे फरक बराच कमी. पोहताना पाणी अंग उचलून धरतं. म्हणून गुडघे दुखणाऱ्या वजनदार भगिनींनी चालण्याचा हट्ट न धरता घरी सायकल असेल तर ती काढावी, त्यात कमीपणा नाही.

सूर्यनमस्कार मात्र पहिल्या प्रकारातले. त्यात अंग हातांवर तोलायचं, खाली न्यायचं, वर आणायचं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात सूर्यनमस्कारांचा केवढा प्रसार केला, आणि त्यात बायकांनाही वगळलं नाही. अलीकडे, २०११ साली, सूर्यनमस्कारांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ६० किलो वजनाच्या माणसाच्या अर्ध्या तासात सुमारे २३० कॅलरी खर्च होतात असा हिशेब निघाला. बघा, शास्त्रज्ञसुद्धा आकडा सांगताना आधी वजन सांगतात. आणि हो, ते सवयीचे लोक होते. आपण पहिल्याच दिवशी अर्धा तास घालायला जाऊ नये, नाहीतर दुसऱ्या दिवशी पोळ्या कोण लाटणार!

“घरकाम केलं की व्यायाम होतोच की,” असं पुष्कळजणी म्हणतात. झाडलोटीचा खर्च चालण्याच्या जवळपास जातो हे खरं. पण सलग तासभर झाडत कोण असतं? दहा मिनिटं झाडलं की कुकरची शिट्टी होते. असो.

आता मुख्य गोष्टीकडे येते. जावेचं वजन भराभर उतरू लागलं. चालणं होतंच. शिवाय तिने दिवसाच्या चार कप चहातली साखर सोडली. आमच्याकडे हे किती अवघड आहे ते तुम्हाला सांगायला नको. चहात साखर कमी घातली तर पाहुण्याला अपमान वाटतो. कपाला दोन चमचे, चमच्याला साधारण २० कॅलरी, म्हणजे दिवसाला १६० कॅलरी तिथेच वाचल्या. संध्याकाळचं फरसाणही बंद केलं. गणपती येईपर्यंत ती ८२ ची ७४ झाली. आठ किलो! ब्लाउज आत घ्यावे लागले. माहेरची माणसं विचारू लागली. तिच्या चालण्यातही फरक पडला, आता मलाच कधी कधी तिला गाठावं लागे.

आणि मग काटा अडला. आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले, ७४ चे ७४. फोन रोज २७० दाखवतोय, साखर बंदच आहे, आणि वजन ढिम्म हलत नाही. तिचा चेहरा उतरला. घरातही बोलायला लोकांना काय लागतं? “झालं का तुमचं चालून?” असं एकाने म्हटलं (कोणी ते लिहीत नाही, हा अंक घरात येतो). तिने मनाशी ठरवलं, की आता खाणंच बंद करायचं. घटस्थापनेपासून नऊ दिवसांचा उपास धरला. उपास आम्ही दोघीही करतो, पण हिने सकाळी नुसता बिनसाखरेचा चहा, दुपारी एक केळं, आणि रात्री काही नाही, असा धरला. वर अनवाणी चालणं सुरूच. मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

चौथ्या माळेच्या दिवशी मुलांसाठी पोळ्या करताना ती गॅससमोर कोसळली. तवा तापलेला होता. तिचा हात थोडक्यात वाचला, मनगटावर दोन बोटं भाजलं तेवढंच. दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९. बायकांचं ते १२ च्या वर असायला हवं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हे चार दिवसांत झालेलं नाही. हे जुनं आहे. त्यात तुम्ही उपाशी राहिलात आणि तासभर चाललात.” २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. भरलेलं अंग म्हणजे भरलेलं रक्त, असं आपण समजतो. तसं काही नसतं.

काटा का अडला, हे मात्र मला नंतर उलगडलं, आणि आधी कळलं असतं तर हा प्रसंग आलाच नसता. म्हणून आज लिहायला बसले.

पहिली गोष्ट फोनची. त्यात पाडव्याला भरलेलं ८२ किलो वजन तसंच होतं! ती ७४ ची झाली हे फोनला कोण सांगणार? तो बिचारा अजून ८२ किलोच्या बाईचा हिशेब दाखवत होता. ७४ ला ३.३ ने गुणा, २४४ येतात. म्हणजे त्याच रस्त्यावर आता २६ कॅलरी कमी खर्च होत होत्या. ट्रॉली हलकी झाली, डिझेल कमी लागू लागलं.

तुम्ही म्हणाल, २६ कॅलरी म्हणजे सव्वा चमचा साखर, त्याने काय होतं? बरोबर. पण दिवसाचे तास चोवीस. हलकं झालेलं अंग झोपेत कमी खर्च करतं, बसल्या जागी कमी करतं, धुणं वाळत घालताना कमी करतं. संशोधकांचा अंदाज असा आहे, की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा दिवसाचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो. आठ किलोंचे झाले १६० ते २४० कॅलरी. म्हणजे दोन पोळ्या समजा! आणि भूक? ती उलट वाढते. दर किलोमागे दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी जास्त खावंसं वाटतं, असं त्यांचंच म्हणणं. शरीराला वाटतं दुष्काळ पडला, ते कोठार जपायला लागतं. आपण नगर जिल्ह्यातल्या. शरीराची ही समजूत आपल्याला कळायला हरकत नाही.

म्हणजे तिचं काही चुकलं नव्हतं. आधी तिचा जमाखर्च असा होता, की खर्च जास्त आणि जमा कमी. वजन उतरत होतं. आठ किलो उतरल्यावर खर्च घटत घटत जमेच्या बरोबरीला आला, म्हणून काटा थांबला. वजन उतरल्याचीच ती पावती होती. तिला मात्र वाटलं, आपणच कुठे तरी कमी पडतोय.

दुसरी एक गोष्ट फोन सांगत नाही. तो जे २७० दाखवतो त्यात आपण नुसत्या बसून राहिलो असतो तरी झाला असता तो खर्चही धरलेला असतो. ८२ किलोचे तासाला ८२ कॅलरी. ते वजा केले तर चालण्याचे म्हणून खरे १८८ च. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. करा भागाकार. रोज तासभर चालून, खाणं कणभरही न वाढवता, एक किलो उतरायला चाळीस-एक्केचाळीस दिवस लागतात. आणि वाटेत एक वडापाव खाल्ला, की तीनशेच्या आसपास कॅलरी पोटात, म्हणजे त्या दिवसाचं चालणं गेलंच, वर उद्याच्यातलंही निम्मं गेलं. हे वाचून नाउमेद होऊ नका. मला तर हे कळल्यावर बरंच वाटलं, कारण महिन्यात दहा किलोच्या जाहिराती वाचून जीव थोडा करण्यात अर्थ नाही हे आकड्यांनीच दिसलं.

शिवाय वजन उतरल्याचा एक फायदा असा आहे, की तो कॅलरीत मोजताच येत नाही. गुडघेदुखी असलेल्या वजनदार माणसांवर झालेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा चार किलो भार कमी होतो. आठ किलोंचे ३२ किलो, दर पावलाला! तासाभरात किती पावलं पडतात ते मोजा. जावेला मी हे सांगितलं तेव्हा ती पलंगावर झोपून होती, हाताला मलम लावलेलं. म्हणाली, “म्हणूनच मला आता जिन्यात कठड्याला धरावं लागत नाही का हो ताई?” हे तिच्या लक्षात आलं होतं, पण काट्यावर ते दिसत नव्हतं म्हणून तिने धरलंच नव्हतं.

आता माझी गोष्ट सांगितली पाहिजे. तिला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मलाही म्हटलं, “तुम्ही पण करून घ्या तपासण्या.” मी कशाला, मी ५४ किलोची! पण तिच्याबरोबर म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त दिलं. माझं हिमोग्लोबिन ठीक निघालं, साखर मात्र ११४. उपाशीपोटी ती १०० च्या आत हवी. मधुमेह नव्हे, पण त्याच्या दारात. माझ्या आईला मधुमेह आहे, त्यात तिचा एक डोळा गेला. रिपोर्ट हातात घेऊन मी दवाखान्याच्या बाकावर किती वेळ बसून राहिले मला आठवत नाही.

बारीक बाईला साखर कशी? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांचा फोटो शेजारीशेजारी छापला होता. दोघांचं उंचीच्या मानाने वजन अगदी सारखं, निर्देशांक दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रजाच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के! बाहेरून बारीक आणि आतून चरबीदार, ही आपल्याकडची पुष्कळ माणसांची ठेवण. डॉ. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आयाबाळांवर वर्षानुवर्षं काम करून दाखवलं, की ही ठेवण जन्मापासूनच असते. माझा निर्देशांक २२.५. आपल्या लोकांसाठी २३ च्या आत ठीक मानतात, म्हणून मी निश्चिंत होते. काटा ५४ दाखवतो, पण त्या ५४ त स्नायू किती आणि चरबी किती, ते काही दाखवत नाही. फोनही माझं वजन घेतो आणि त्याला गुणतो, त्याला तरी काय दिसणार.

स्नायू वाढवले की बसल्या जागी भरपूर कॅलरी जळतात, असं हल्ली फार ऐकू येतं. ते तेवढंसं खरं नाही. एक किलो स्नायू दिवसाला बसल्या जागी जेमतेम १३ कॅलरी घेतो. पण रक्तातली साखर उचलून वापरायचं काम मुख्यतः स्नायूच करतात, आणि मला गरज त्याची होती. तेव्हा माझ्यासारख्या बारीक भगिनींना चालण्यातून कॅलरी कमी मिळत असल्या, तरी व्यायाम चुकवायची सवलत नाही.

मग आम्ही काय बदललं? जावेने दिवाळीपर्यंत चालणं अर्ध्यावर आणलं, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि जेवण परत नीट चालू केलं. दुपारी दोन पोळ्या किंवा एक मध्यम बाजरीची भाकरी (पन्नास ग्रॅम पिठाची, पावणेदोनशे कॅलरींची), सोबत मटकीची उसळ किंवा दाट वरण, आणि वर लिंबू. जेवणाबरोबरचा चहा बंद, कारण चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ५५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी लागतात असं सांगितलं आहे. एका केळ्यावर दिवस काढणारी त्यापासून किती लांब होती, बघा!

हिमोग्लोबिन ११ वर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी पूर्ण चालायची परवानगी दिली. आता आम्ही तासाऐवजी सव्वा तास चालतो. त्या वाढीव पाव तासाने तिच्या साठ कॅलरी जास्त जातात, घटलेला खर्च थोडाफार भरून निघतो. आठवड्यातून तीन दिवस परत आल्यावर ओट्यावर खुर्ची ठेवून हात न टेकता उठबस करायची, दहा वेळा, थांबून परत दहा. मग जमतील तेवढे सूर्यनमस्कार. मी बाराला पोहोचले, ती सहाला थांबते. माझे बारा आणि तिचे सहा यांत खर्च कोणाचा जास्त, हा हिशेब मी आता काढत नाही.

ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, ज्यांच्या छातीत चालताना दुखतं, किंवा ज्यांना पाळीत फार रक्त जातं, त्यांनी चालणं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. उपास असेल त्या दिवशी सावकाश आणि थोडंच चालावं. आणि ज्यांच्या फोनवर किंवा मनगटी पट्ट्यावर कॅलरी दिसतात, त्यांनी त्यात वजन कोणाचं भरलंय ते आधी बघून घ्या. शाळेतल्या एका बाईंच्या पट्ट्यात त्यांच्या यजमानांचं ८८ किलो निघालं! बाई स्वतः ६१ च्या. त्या रोज चालून आल्यावर निश्चिंत मनाने दोन लाडू खात होत्या.

आम्ही दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी चहाच्या आधी काट्यावर उभ्या राहतो आणि फोनमध्ये नवं वजन घालतो. या महिन्यात तिचं ७१ भरलं, फोनने तासाचे २३४ दाखवले. आकडा कमी झालेला बघून ती हसली आणि म्हणाली, “चला, डिझेल वाचलं.” माझं ५५ झालं, म्हणजे किलोभर वाढलं, आणि साखर १०४ वर आली. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे.